झाकण दस्तगीरमामांकडे आहे

रोहन आणि ईरा,

माझ्या स्वयंपाकघरातल्या मधल्या फळीवर गेली सत्तावीस वर्षं एक बिनझाकणाचा स्टीलचा डबा आहे. तुम्ही तो पाहिला आहे. ईरा त्यात खडूचे तुकडे भरत असे. ज्या घरात मसाल्याच्या बरण्यांवर तारखांच्या चिठ्ठ्या असतात आणि चमचे उंचीप्रमाणे लावलेले असतात, त्या घरात हा उघडा डबा रोज माझ्याकडे बघतो आणि मी त्याच्याकडे. झाकण हरवलेलं नाही. ते कुठे आहे हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. ते माझ्याच शाळेत, माझ्या ऑफिसबाहेरच्या कपाटात, माझ्याच शिपायाच्या ताब्यात होतं. मी शाळेची मुख्याध्यापिका होते. आणि ते झाकण मला मिळालं नाही.

शिपायाचं नाव दस्तगीर. शाळेत शिपायाला मामा म्हणायची पद्धत आहे, म्हणून दस्तगीरमामा. उंच, काटकुळे, डोक्यावर पांढरी टोपी, कमरेच्या नाड्याला किल्ल्यांचा जुडगा. ते कॉरिडॉरच्या त्या टोकाला असले तरी जुडग्याच्या आवाजावरून मला इकडे कळे, आणि माझ्या कपाळाला पहिली आठी पडे.

शाळेत मुलं वस्तू हरवतात. त्यासाठी जगातल्या सगळ्या शाळांत एक खोकं असतं. मूल येतं, खोक्यात हात घालतं, आपली वस्तू घेऊन जातं. आमच्याकडे खोकं नव्हतं. मामांचं कपाट होतं. सापडलेल्या प्रत्येक वस्तूला ते जुन्या उत्तरपत्रिकेची पट्टी दोऱ्याने बांधत, तिच्यावर नाव आणि वर्ग लिहीत, आणि एका लांबट वहीत नोंद करून शेवटचा रकाना सहीसाठी मोकळा सोडत. इथपर्यंत मला कौतुकच होतं. पुढचं ऐका.

वस्तू परत हवी असेल तर मालकाने स्वतः यायचं. भावाने नाही, मैत्रिणीने नाही, आईवडिलांनी तर नाहीच. आल्यावर तीन खुणा सांगायच्या. वस्तूवर ओळखायला काय आहे? ती कुठे राहिली? आणि तेव्हा बरोबर कोण होतं? तिन्ही उत्तरं पटली तर सही, मग वस्तू. एखादा बाप चिडून म्हणे, "अहो मामा, माझ्या पोराचा स्वेटर आहे, मी विकत आणलाय!" मामा शांतपणे म्हणत, "आनला तुमी, हरवला त्यानं. त्यानं यावं."

आणि मग त्यांचं ते ठरलेलं वाक्य. ते मी इतक्या वेळा ऐकलं आहे की झोपेतही म्हणू शकेन. "वस्तूला पाय न्हाईत, बाई. माणसाला हायती."

आमच्या इनामदार सरांची वारणानगरला बदली झाली. सामान बांधायच्या गडबडीत त्यांची दातांची वरची कवळी स्टाफरूमच्या खिडकीत राहिली. मामांनी ती धुतली, मुरंब्याच्या बरणीत ठेवली, बरणीला पट्टी बांधली: 'इनामदार सर. वरचे.' दुसऱ्याच दिवशी सरांचा फोन आला. काय बोलत होते ते कळायला मला पाच मिनिटं लागली. आमचा क्लार्क त्याच बाजूचा होता. मी मामांना म्हटलं, "त्याच्याकडे बरणी द्या, संध्याकाळी पोचवील."

"न्हाय बाई. सरांनी यावं."

"अहो मामा, दातांशिवाय माणूस जेवणार कसा?"

"म्हणून तर लवकर येतील की!"

तिसऱ्या दिवशी सर एस.टी.ने आले. मामांनी त्यांना कपाटासमोर उभं करून तीन खुणा विचारल्या. सर बिचारे तोंडाचं बोळकं करून काहीतरी सांगत होते आणि मामा आदराने म्हणत होते, "पुन्यांदा सांगा, सर." सातवीचा अख्खा वर्ग दारातून डोकावत होता. मी मधे पडले तेव्हा सही झाली, दात बसले, आणि मग सर स्टाफरूममध्ये जे गप्पांना बसले ते शेवटच्या गाडीपर्यंत उठले नाहीत. बदली झाल्यापासून कुणाशी चार शब्द बोललो नव्हतो, म्हणाले. मामा चहा आणत राहिले. मला त्या दिवशी एवढंच दिसलं की तीन शिक्षकांचे दोन-दोन तास बुडाले.

दुसरा प्रसंग स्नेहसंमेलनाचा. प्रमुख पाहुणे म्हणून आमचाच एक माजी विद्यार्थी आला होता, आता पोलीस खात्यात मोठा अधिकारी. बँड वाजतोय, मुली ओवाळायला उभ्या आहेत, मी हार घेऊन उभी आहे, आणि मामा त्यांच्या वाटेत आडवे.

"साहेब, सहावी ब. तुमची छत्री हाय माझ्याकडं."

साहेब हसले. "अरे वा, मामा! द्या की."

"खुणा सांगा."

"काळी होती."

"सगळ्याच काळ्या असत्यात. दांडीला काय बांधलंतं?"

साहेबांच्या मागच्या बंदूकवाल्या हवालदाराला कळेना की या म्हाताऱ्याला हटवावं की सलाम ठोकावा. बँडवाले थांबले. माझ्या हातातला हार जड झाला. साहेब डोळे मिटून उभे. मग एकदम म्हणाले, "हिरवी नाडी! आईनं तिच्या परकराची नाडी बांधली होती, ओळखू यावी म्हणून." खूण पटली. पुढच्या दोन सांगून, सही करून साहेब व्यासपीठावर बसले ते मांडीवर मोडकी छत्री घेऊन. माझ्या पूर्ण अहवालवाचनात ते त्या नाडीशी खेळत होते. अहवालातलं एक अक्षर त्यांनी ऐकलं नाही, हे मी शपथेवर सांगते.

आता झाकण.

तुमची आई आमच्याच शाळेत होती. शाळेत मी तिची आई नसे, बाई असे. हा माझा नियम होता, आणि मी तो काटेकोर पाळला. ती मला 'बाई' म्हणे, डबा मैत्रिणींबरोबर खाई, माझ्या ऑफिसात कारणाशिवाय पाऊल टाकत नसे. दहावीच्या निरोपाच्या दिवशी मात्र मधल्या सुट्टीत ती डबा घेऊन आली आणि म्हणाली, "आई, आज तुझ्याबरोबर खाऊ?" आम्ही पाण्याच्या टाकीमागच्या पायरीवर बसलो. शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी होती. घंटा झाली, आम्ही दोघी उठलो, आणि डब्याचं झाकण पायरीवर राहिलं.

संध्याकाळी ते मामांच्या कपाटात होतं. मी म्हटलं, "बरं झालं मामा, द्या इकडं." मामांनी झाकण उलटं करून मला दाखवलं. आपल्याकडे भांड्यांवर नावं घालून घेतात. त्यावर 'चि. गौरी' असं माझ्या आईने, म्हणजे गौरीच्या आजीने, घालून घेतलेलं होतं.

"नाव कुनाचं हाय, बाई?"

"गौरीचं."

"मग गौरीनं यावं."

"मामा, मी या शाळेची मुख्याध्यापिका आहे."

"व्हय की. म्हणून तर तुमी नियम मोडायचा न्हाई."

गौरीला सांगितलं, जा घेऊन ये. ती म्हणाली, उद्या. मग परीक्षा आली, मग सुट्टी, मग पुण्याचं कॉलेज, मग परदेश. 'उद्या' हा शब्द तुमच्या आईने फार लांब ताणला आहे. गौरी, तू मुलांना हे वाचून दाखवत असशील. हा भाग गाळू नकोस.

एकदा मी चोरी केली. लिहायला लाज वाटते, पण केली. मामा बँकेत गेले होते, जुडगा खिळ्याला होता. मी कपाट उघडलं, झाकण हातात घेतलं, आणि मागे वळले तर दारात मामा. ओरडले नाहीत. वही उघडून माझ्यापुढे धरली.

"न्या, बाई. सही करा. पन नाव गौरीचं घाला, आन् सही दुसऱ्यानं केली असं बी लिवा."

प्रगतिपुस्तकावर वडिलांची खोटी सही करणाऱ्या मुलांना मी आयुष्यभर ऑफिसबाहेर उभं केलं आहे. मी झाकण जागेवर ठेवलं. कपाटाला कुलूपही मीच लावलं.

मी निवृत्त झाले, दोन वर्षांनी मामाही झाले. नवीन मुख्याध्यापकांना कपाट भंगारात द्यायचं होतं. मामांनी ते टेंपोत घालून घरी नेलं. नदीकडच्या गल्लीत दोन खोल्यांचं घर, त्यातली बाहेरची अर्धी खोली या कपाटाने अडवली. एका पावसाळ्यात पंचगंगेचं पाणी गल्लीत शिरलं तेव्हा मामांनी चार पोरं हाताशी धरून आधी कपाट शेजाऱ्यांच्या माडीवर चढवलं. तोपर्यंत फ्रिज गुडघाभर पाण्यात गेला. मुमताजभाभी, म्हणजे मामांच्या पत्नी, आठवडाभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत. मामा मला म्हणाले, "फ्रिज बाजारात मिळतोय, बाई. एका पायाचा बूट कुटं मिळतोय?"

त्यांनी दारावर पाटी लावली होती: 'हरवलेले सामान. रविवारी सकाळी दहा ते पाच. खुणा सांगणे.' एका रविवारी मी दुपारी गेले. मामा धुतलेला सदरा घालून कपाटाशेजारी बसले होते. समोर एक खुर्ची पुसून ठेवलेली. वही उघडी, पेन वहीत.

"सकाळपासून कोण आलं?" मी विचारलं.

"तुमी आला की."

"माझी वस्तू नाही त्यात. तुम्हीच म्हणता. अहो, ती मुलं कुठल्या कुठे गेली मामा, कशाला दिवसभर बसता?"

"येतील की. वस्तूला पाय न्हाईत..."

मी उरलेलं वाक्य ऐकायला थांबले नाही. मला गॅसचा नंबर लावायचा होता.

तुम्ही गेल्या उन्हाळ्यात आलात. अकरा दिवस. त्यातले दोन दाताच्या डॉक्टरकडे, एक पासपोर्टच्या फोटोंत, तीन खरेदीत. तुम्ही गेल्यावर दोन दिवसांनी मामांचा फोन आला.

"गौरी आलती म्हनं?"

"हो. गेली. गडबडीत होती हो."

पलीकडे किल्ल्यांचा जुडगा वाजला. मग, "बरं बरं. झाकण हाय इथंच. पोरं लई मोठी झाली असतील?"

मी म्हटलं, हो. आणि मनात म्हटलं, या माणसाला दुसरं काही सुचत नाही का!

फेब्रुवारीत मामा गेले. दुपारी जेवून आडवे झाले, उठले नाहीत. त्यांचा एकुलता एक मुलगा यासीन कुवेतला एसी दुरुस्तीच्या कामावर असतो. त्याला पोचायला जमलं नाही, त्याच दिवशी माती झाली. मी दुसऱ्या दिवशी भाभींना भेटून आले. कपाटाकडे पाहिलं नाही. पण चाळिसाव्याच्या दिवशी गेले तेव्हा पर्समध्ये कापडी पिशवी होती. खरं ते लिहिते आहे. मला वाटलं, आता तरी.

पाहुणे जेवून पांगले होते. यासीन सकाळीच पोचला होता. चाळिशी ओलांडलेला, कानशिलं पांढरी झालेला माणूस, पण मला पाहून हात मागे बांधून उभा राहिला, आठवीत राही तसा. भाभी म्हणाल्या, "बरं झालं बाई आलात. कपाट मोकळं करायचंय. आधी तुमचं झाकण बघू." कपाट उघडलं. खालच्या कप्प्यात, अगदी पुढे, एक क्रिकेटची बॅट होती. पट्टी बांधलेली: 'यासीन दस्तगीर. आठवी अ.'

मी चकित झाले. "अहो, ही तर घरचीच! ही कशी राहिली?"

भाभींनी सांगितलं. शाळा सुटल्यावर बापलेक ग्राउंडवर खेळायचे. एका संध्याकाळी कुणीतरी हाक मारली, मामा कुलपं लावायला धावले, आणि पोरगा बॅट विसरून घरी आला. दुसऱ्या दिवशी टीमची सगळी पोरं घेऊन तो कपाटापाशी गेला. बापाने खुणा विचारल्या. पहिल्या दोन त्याने सांगितल्या. तिसरी विचारली, बरोबर कोण होतं? पोरं हसायला लागली. यासीन लाल झाला. "तुमाला म्हाईत हाय की!" म्हणून ओरडला आणि निघून गेला. पुन्हा त्याने बॅट मागितली नाही, आणि मामांनी दिली नाही.

"कुवेतला गेल्यावर बोलायचे दोघं," भाभी म्हणाल्या, "पन हवापान्याचं. दोन वर्सांखाली ह्याचा फोन आला. माझा पोरगा खेळाय लागलाय, म्हनला, चुलतभाऊ येतोय त्याच्याबरोबर बॅट पाठवा. मी म्हटलं, द्या की ओ आता! तर म्हनले, न्हाय. त्यानं यावं." त्यांनी पदर तोंडाला लावला. "मी लई भांडले, बाई. एका बॅटीसाठी पोराला तोडता व्हय, म्हटलं. तर म्हनले, बॅट दिली तर तो कशाला येईल?"

यासीनने बॅटीला हात घातला. भाभींनी तो हात धरला. मला वाटलं, रडतील. त्यांनी वही काढली.

"खुणा सांग."

"अम्मी..."

"सांग. त्यांचा नेम हाय."

यासीनने माझ्याकडे पाहिलं. मी नजर वळवली नाही. बाईच होते ना मी त्याची.

"मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळलीय," तो म्हणाला. "मागं वाय कोरायला घेतलता, अर्धाच हाय. चाकू बोटाला लागला."

"कुठं राहिली?"

"बोराच्या झाडाखाली. ग्राउंडवर."

"बरोबर कोण होतं?"

तो पट्टीवरच्या बापाच्या अक्षराकडे बघत होता.

"अब्बा होते," तो म्हणाला. "तेच बॉल टाकत होते. मला आउट करायचे न्हाईत. मुद्दाम वाईड टाकायचे."

भाभींनी वही पुढे केली. मोकळ्या रकान्यात त्याने सही केली. मग बॅट दोन्ही हातांनी धरून तो त्या पुसलेल्या खुर्चीवर बसला. बाहेर कुणाचीतरी मोटारसायकल सुरू होत नव्हती, तिचा आवाज आम्ही तिघं ऐकत राहिलो.

जरा वेळाने भाभी उठल्या आणि वरच्या कप्प्यातून झाकण आणून माझ्या हातात दिलं. घासून चकचकीत. दर महिन्याला मामा ते राखेने घासत, असं कळलं. "न्या बाई. आता अडवायला कोन हाय?"

सत्तावीस वर्षं ज्याच्यासाठी भांडले ते झाकण माझ्या हातात होतं. पिशवी होती. मी ते उलटं केलं. 'चि. गौरी.' आणि काय सांगू, मला त्या माणसाचा असा संताप आला! मरूनही हा गृहस्थ मला माझ्या घरचं भांडं न्यायला देईना.

मी म्हटलं, "ठेवा भाभी कपाटात. नाव गौरीचं आहे."

"आन् बाकीचं?"

"कुलूप लावा. मी रविवारी येते, पाटीप्रमाणे दहाला."

तेव्हापासून मी दर रविवारी जाते. सगळी वही मी नव्याने, आडनावांच्या क्रमाने लिहून काढली आहे; मामांची पद्धत फारच गचाळ होती. आतापर्यंत एक कंपासपेटी आणि एक डावा बूट गेला. बूट न्यायला आलेली बाई दोन तास बसली आणि जाताना बूट विसरून निघाली होती. तिला मी गल्लीच्या तोंडावरून परत बोलावलं.

रोहन, तुझा पोहण्याचा चष्मा माझ्या न्हाणीघरात खिळ्याला होता. तू मागे विसरलेली प्रत्येक वस्तू मी आठ दिवसांच्या आत कुरिअरने पाठवते, हे तुला माहीत आहे. पॅकेट तयार होतं, पत्ताही लिहिला होता. पॅकेट मी फोडलं. चष्म्याला पट्टी बांधून तो मामांच्या कपाटात ठेवला आहे. आईला सांगून नवीन घेऊ नकोस.

आणि आईला तिच्या झाकणाच्या खुणा विचारून ठेव. पहिल्या दोन सोप्या आहेत. तिसरी, त्या पायरीवर तिच्याबरोबर कोण होतं, ती तिने इथे येऊन माझ्यासमोर सांगायची आहे. फोनवर चालणार नाही.

डबा घासून ठेवला आहे.

तुमची,
आजी